खंडेनवमीसाठी नेलेल्या बेचाळीस अवजारांबाबत

दिनांक १ ऑक्टोबर २०२५, बुधवार. जबाब सुरू केल्याची वेळ दुपारी १२.४०.

नाव : सुचित्रा दिगंबर नलावडे
वय : ६६ वर्षे
व्यवसाय : निवृत्त भांडारपाल, औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय). नोकरी ३१ वर्षे.
मूळ राहणार : मलकापूर, ता. कराड, जि. सातारा
सध्या राहणार : मुलगी मैत्रेयी हिच्याकडे, कॉन्डो, चौथा मजला, चोआ चू कांग, सिंगापूर
जबाबाची भाषा : मराठी. दुभाषी मुकुल टिळेकर, वय २७, विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी.
जबाब घेणार : इन्स्पेक्टर फौजिया

मला कोणी पकडून किंवा बोलावून आणलेले नाही. मी स्वतः होऊन येथे समोर बसून सांगते की, मी गेले चौदा महिने वरील पत्त्यावर मुलीकडे राहते. मुलगी पाया लेबार येथील ऑफिसात नोकरी करते. तिच्याच ऑफिसातील मारिसोल या बाई, वय ४१, येथील शेतमजुरांसाठी एक गट चालवतात. मारिसोल यांचे आईवडील मेक्सिकोतून कॅलिफोर्नियात गेले आणि तेथे दुसऱ्यांच्या शेतात स्ट्रॉबेरी तोडून त्यांनी संसार केला. त्यांच्या वस्तीत मजुरांना कागद वाचून देणारी, दवाखान्यात सोबत जाणारी काही माणसे होती. मारिसोल शाळेत असल्यापासून त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून फिरत. सिंगापुरातही शेते आहेत आणि तेथे परदेशातून आलेले मजूर आहेत हे कळल्यावर त्यांनी तेच काम येथे सुरू केले. गटात सात जण आहेत. दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही लिम चू कांगकडच्या भाजीच्या शेतांवर जातो. कोणाचे दवाखान्याचे कागद वाचून देतो, कोणाला दाताच्या डॉक्टरकडे नेतो, कोणाला इंग्रजी शिकवतो.

माझे इंग्रजी भांडारापुरते आहे. स्टॉक, इश्यू, रिटर्न, ब्रेकेज एवढे मला उत्तम येते. त्यामुळे सुरुवातीला मी नुसती बसून राहत असे. मिस्टर गोह, वय अंदाजे ६०, यांच्या शेतावर बसून असताना माझे लक्ष त्यांच्या अवजारांच्या शेडकडे गेले. सगळी अवजारे एका पत्र्याच्या पिंपात उलटीसुलटी कोंबलेली होती आणि आठवड्यातून एकदा तरी कोणाचा ना कोणाचा हात कापत होता. मी जूनमध्ये त्या शेडच्या भिंतीवर प्लायवूड लावून घेतले. प्रत्येक अवजारासाठी खिळा ठोकला आणि त्या अवजाराची बाह्याकृती पांढऱ्या रंगाने भिंतीवर काढली. आमच्या संस्थेच्या भांडारात तसेच होते. कोणते अवजार जागेवर नाही, ते दारातून एका नजरेत दिसते. भाजी कापायचे सुरे १९, चांकुल म्हणजे इकडची मोठी फावडी ११, खुरपी ६, कात्र्या ४ आणि कोयते २, अशी एकूण ४२. जूनपासून आजपर्यंत हात कापल्याची एकही घटना नाही. हे विचारलेले नाही, तरी लिहून घ्यावे.

शेडची किल्ली सेल्वम करुप्पय्या, वय ३४, यांच्याकडे असते. ते तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्याचे आहेत. या शेतावर सहा वर्षे कामाला आहेत आणि आठ मजुरांत सर्वांत जुने आहेत. मला ते अम्मा म्हणतात. त्यांचे हिंदी आणि माझे इंग्रजी सारखेच असल्यामुळे आमचे बोलणे चांगले होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुऱ्यांना तेल लावताना मी त्यांना सांगितले की आमच्याकडे खंडेनवमीला अवजारे धुऊन, पुसून, मांडून त्यांची पूजा करतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. त्यांनी हातातला सुरा खाली ठेवला आणि म्हणाले, "आमच्या गावातही तेच, अम्मा. त्याच दिवशी. माझा बाप नांगराला त्या दिवशी हात लावू देत नव्हता. इथं सहा वर्षं मी त्या दिवशी कापतोय." एवढेच म्हणून त्यांनी सुरा पुन्हा उचलला.

मी ही गोष्ट गटात मांडली. गटाने मिस्टर गोह यांना विचारले. माझी मुलगी त्यांच्याशी फोनवर बोलली आणि त्यांनी रविवारी, ५ ऑक्टोबरला, शेतावरच पूजा आणि जेवण करायला परवानगी दिली. रविवार का, तर इकडची आपली सर्व मंडळी सर्व सण जवळच्या शनिवारी-रविवारी करतात. गणपती रविवारी, हळदीकुंकू रविवारी, कोजागरीचे दूधसुद्धा शनिवारी. सुट्टी नसते, हॉल मिळत नाही, हे मला समजते. चौदा महिन्यांत मी त्याला सरावले आहे. पण खंडेनवमी दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते. ती दसरा होऊन गेल्यावर तीन दिवसांनी करायची, हे माझ्या मनाने घेतले नाही.

शुक्रवारी २६ तारखेला मुलगी ऑफिसच्या कामासाठी जकार्त्याला निघाली. बॅग भरताना ती म्हणाली, "आई, रविवारचं ठरलंय हं. मिस्टर गोहना मी सांगितलंय." मी पोळ्या लाटत होते. मी हो म्हटले. रविवारी जेवण आणि पूजा तिच्या दिवशी, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले, असे मुलीचे म्हणणे आहे. ते मला खोडता येत नाही.

दुभाषी मुकुल यांनी येथे मला विचारले, "काकू, हे नक्की लिहायचं का?" मी सांगितले की लिहायचे.

मंगळवारी ३० सप्टेंबरला संध्याकाळी ५.४५ वाजता मी गटाच्या भाड्याच्या व्हॅनने मिस्टर गोह यांच्या शेतावर गेले. गटातील बाकीचे त्या दिवशी दुसऱ्या शेतांवर गेले होते. व्हॅन धम्मानंद वाघमारे, वय ३८, यांनी चालवली. ते मूळचे नागपूरचे असून येथे एका प्रयोगशाळेत इंजिनिअर आहेत. वाटेत त्यांनी विचारले, "मावशी, रविवारचं होतं ना?" मी म्हणाले, "रविवारी जेवण." त्यांनी मान डोलावली. ते बौद्ध असल्यामुळे पूजेच्या तिथीत आपण कशाला पडा, असे त्यांना वाटले असावे. त्यांच्याकडे बोट दाखवण्यासारखे यात काही नाही.

शेडपाशी सेल्वम एकटेच होते. कापणी संपली होती, बाकीचे आंघोळीला गेले होते. मिस्टर गोह त्यांच्या घरी गेले होते. मी सेल्वमना म्हणाले की उद्याच्या पूजेसाठी सगळी अवजारे घरी नेते, रात्रीपर्यंत धार लावून घेते, सकाळी पूजा करते आणि परवा पहाटे सहाला आणून जागेवर लावते. त्यांना खूप आनंद झालेला दिसला. तरी त्यांनी किल्ली काढली नाही. ते म्हणाले, "बॉसला सांगितलं, अम्मा?"

मी म्हणाले, "सांगितलं आहे."

ते म्हणाले, "बॉस उद्या बोलला?"

मी म्हणाले, "बॉस हो बोलला."

हा प्रश्न आणि हे उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे. त्यांनी मला दिवस विचारला आणि मी त्यांना होकार सांगितला. त्यानंतर त्यांनी किल्ली काढली. अवजारे त्यांनी स्वतः मोजून व्हॅनमध्ये ठेवली आणि मी दोनदा मोजली. त्यांच्या स्वतःच्या वापरातला सुरा, ज्याच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली आहे, तो त्यांनी सर्वांत शेवटी दिला आणि म्हणाले, "ह्याला पण थोडं कुंकू."

संध्याकाळी ७ ते ९ या वेळात धम्मानंद यांनी आमच्या कॉन्डोच्या मागे, सामान उतरवायच्या जागेत बसून सर्व पात्यांना धार लावली. मी पाणी घालत होते. ते म्हणाले, "मावशी, मी हात जोडणार नाही. पण यातला एकही सुरा बोथट ठेवणार नाही." मी त्यांना म्हणाले की आमच्या संस्थेत टर्नर ट्रेडचे कांबळे सर होते, ते दर वर्षी हेच म्हणत आणि खंडेनवमीला सर्वांत चकचकीत लेथ त्यांचीच असे. धम्मानंद म्हणाले, "म्हणजे तुम्हाला आमची सवय आहे." मी म्हणाले, "आहे. पेढे दोन जास्त खाता."

बुधवारी, म्हणजे आज, सकाळी ६.१० वाजता मी तळमजल्यावरील फंक्शन रूम उघडली. ती मी मुलीच्या नावाने 'कौटुंबिक कार्यक्रम' असे लिहून बुक केली होती. पांढरी चादर अंथरून तिच्यावर अवजारे लांबीप्रमाणे मांडली. फावडी मागे, सुरे पुढे, कात्र्या उघड्या. प्रत्येकाला हळदकुंकू वाहिले, झेंडूचे एकेक फूल ठेवले, आरती केली, पेढ्यांचा नैवेद्य दाखवला. ६.४५ वाजता पूजा झाली. धूर होऊ नये म्हणून उदबत्ती लावली नाही, कारण छतात अलार्म आहे. खोलीला जलतरण तलावाच्या बाजूने पूर्ण काचेचा दरवाजा आहे, ही गोष्ट मी विचारात घेतली नाही.

७ वाजता मारिसोल ऑफिसला जाण्यापूर्वी आल्या. मी त्यांना आदल्या रात्री 'पूजा सकाळी, ये' असा निरोप टाकला होता. त्यांना वाटले, घरची पूजा असेल, विळी-सुरीची. त्यांनी येताना कापडात गुंडाळून एक अवजार आणले होते. ते त्यांच्या आजोबांचे फावडे होते. पाते रुंद, पण दांडा माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, एवढाच. मी विचारले की दांडा तुटला का. त्या मलाही मुलीसारखे आईच म्हणतात. म्हणाल्या, "नाही, आई. असाच असायचा. वाकूनच काम करावं म्हणून." आजोबांनी बावीस वर्षे त्या दांड्याने कोबीची रोपे विरळली आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या सरकारने असे अवजार वापरायला बंदी घातली, असे त्यांनी सांगितले. मी ते फावडे हातात घेऊन एकदा जमिनीपर्यंत वाकून पाहिले. मग त्याला कुंकू लावून सेल्वम यांच्या सुऱ्याशेजारी ठेवले.

त्यानंतर मारिसोल यांनी चादरीकडे नीट पाहिले आणि विचारले, "आई, ही शेतावरची अवजारं आज इथं कशी? आज सुपरमार्केटची ऑर्डर आहे. रविवार ठरला होता." मी म्हणाले की रविवार जेवणाचा. त्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी मिस्टर गोह यांना फोन लावला, तो सतत व्यस्त लागला. सेल्वम यांना लावला, त्यांनी उचलला नाही. मी पेढ्यांचा डबा बंद करून पर्समध्ये ठेवला.

आज मला येथे समजले ते असे की, मिस्टर गोह सकाळी ६.५० वाजता शेतावर आले. शेड फाटकालगतच आहे. त्यांनी दार उघडले तर भिंतीवर बेचाळीस पांढऱ्या आकृत्या आणि एकही अवजार नाही. ते शेतात न शिरता तसेच गाडीत बसून पोलिसांकडे आले आणि ७.२० वाजता त्यांनी चोरीची तक्रार दिली. किल्ली सेल्वम यांच्याकडे असते म्हणून त्यांनी त्यांचे नाव सांगितले. रिकाम्या भिंतीचा फोटोही दिला. इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या की चोरीला गेलेल्या मालाची इतकी स्पष्ट यादी त्यांना नोकरीत कधी मिळाली नव्हती. यात कौतुक होते की काय ते मला कळले नाही. मी थँक यू म्हटले.

साधारण त्याच वेळी तलावावर पोहायला आलेल्या एका शेजाऱ्यांनी काचेतून पाहिले की दोन बायका ओळीने मांडलेल्या सुऱ्यांपुढे बसल्या आहेत आणि पात्यांवर लाल काहीतरी आहे. त्यांनीही पोलिसांना फोन केला. त्यांची काही चूक नाही. मी त्यांना पेढे देणार आहे.

७.४० वाजता इन्स्पेक्टर फौजिया आणि एक शिपाई फंक्शन रूममध्ये आले. शिपायाने लाल काय आहे असे विचारले. मी म्हणाले, "कुंकू." तो दाराशीच उभा राहिला. इन्स्पेक्टर बाईंनी वाकून पिवळ्याचा वास घेतला आणि त्याला म्हणाल्या, "कुन्यित लाह. माझी आई माशाला लावते." कुन्यित म्हणजे हळद, आणि लाह हे इकडे वाक्याच्या शेवटी सहज लावतात. त्यानंतर वातावरण निवळले. त्यांच्या फोनवर मिस्टर गोह यांच्या भिंतीचा फोटो आलेला होता. आम्ही त्यावरून अवजारे मोजली. ती त्रेचाळीस भरली. शिपाई म्हणाला, "चोरीत एक वाढलं कसं?" मारिसोल यांनी आपल्या आजोबांच्या फावड्याबद्दल सांगितले. ते या प्रकरणातील नाही आणि ते त्यांना परत देण्यात आले आहे.

पूजा केलेली अवजारे आज वापरायची नसतात, ही माझी अडचण मी इन्स्पेक्टर बाईंना सांगितली. त्या म्हणाल्या की वापरणार नाही, पण न्यावी लागतील. म्हणून चादरीची चार टोके चौघांनी धरून अवजारे फुलांसकट, मारिसोल यांनी फोन करून बोलावलेल्या धम्मानंद यांच्या व्हॅनमध्ये ठेवली आणि तशीच या इमारतीत आणली. ती आता बाहेरच्या बाकावर आहेत. एक फूल पडले होते, ते शिपायाने परत जागेवर ठेवले.

८.५० वाजता मिस्टर गोह यांची आणि माझी समोरासमोर भेट झाली. मारिसोल आणि धम्मानंद सोबत होते. मिस्टर गोह खूप रागात होते. ते म्हणाले, "आँटी, संडे! मी संडे बोललो! आज वेन्सडे!" मी म्हणाले की माझी चूक आहे, पूर्णपणे माझी, सेल्वमची नाही. त्यांनी विचारले की मग किल्ली कोणाकडे होती. मी म्हणाले, सेल्वमकडे. ते म्हणाले, "किल्ली ज्याच्याकडे, जबाबदारी त्याची." एकतीस वर्षे भांडारपाल असल्यामुळे हे म्हणणे मला खोडता आले नाही. मी स्वतः हेच वाक्य शिकाऊ मुलांना सांगत आले आहे.

त्यानंतर मिस्टर गोह यांनी जे सांगितले, त्यासाठी हा जबाब आहे. सेल्वम यांच्या वर्क परमिटची मुदत परवा, शुक्रवारी ३ तारखेला संपते. नूतनीकरणाचा अर्ज भरून तयार होता. आज सकाळी गाडीतूनच त्यांनी एजंटला फोन करून तो थांबवायला सांगितला होता. सेल्वम यांना शनिवारच्या विमानाने परत पाठवणार, असे ते म्हणाले. मारिसोल यांनी त्यांना शांतपणे काही नियम सांगायला सुरुवात केली. मिस्टर गोह म्हणाले, "नियम नंतर. दहा वाजेपर्यंत सुपरमार्केटला तीनशे जुड्या कांगकाँग द्यायचा होता." कांगकाँग म्हणजे आपल्याकडे जिला नाळीची भाजी म्हणतात ती. "सुरा नाही तर कांगकाँग नाही. कांगकाँग नाही तर हा गिऱ्हाईकपण गेला. कोण भरून देणार, तुमचा देव?"

माझ्या पर्समध्ये पेढ्यांचा डबा होता. तो मी का काढला ते मला सांगता येणार नाही, पण काढून टेबलावर ठेवला. कोणी पेढा घेतला नाही.

इन्स्पेक्टर बाईंनी मिस्टर गोह यांना विचारले, "सेल्वम आत्ता कुठं आहे?" ते म्हणाले, शेतावरच असेल, जाणार कुठे. बाईंनी विचारले, "तुम्ही त्याला विचारलं का, अवजारं कुठं गेली म्हणून?"

मिस्टर गोह यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. वेळ ९.०८.

९.१० वाजता मिस्टर गोह यांचा फोन वाजला. त्यांच्या लॉरीचा चालक बोलत होता. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना कमी ऐकू येते. चालक चिनी भाषेत बोलला. मिस्टर गोह यांनी त्याला तेच तीनदा सांगायला लावले. मग फोन खाली ठेवून ते इंग्रजीत म्हणाले की लॉरी सुपरमार्केटच्या फाटकात उभी आहे. तीनशे जुड्या. मालावर सही झाली.

हे कसे झाले ते नंतर सेल्वम यांच्याशी फोनवर बोलताना कळले. बॉसनी उद्याच्या पूजेला होकार दिला आहे, असे त्यांनी माझ्या शब्दावर धरले होते. म्हणजे उद्या अवजारे नाहीत, आणि ऑर्डर तर आहे. त्यांनी संध्याकाळीच आपल्या सात सोबत्यांना सांगून ठेवले की उद्या सुरा लावायचा नाही, हातानेच उपटायचे. पहाटे साडेपाचपासून आठही जण मागच्या तळ्याकाठच्या वाफ्यांत होते. वाफे आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवले होते, त्यामुळे भाजी मुळासकट अलगद येत होती. मुळे धुऊन जुड्या बांधल्या आणि साडेआठला लॉरी भरून पाठवली. हात चिखलात असल्यामुळे त्यांनी मारिसोल यांचा फोन उचलला नव्हता. आपल्यावर चोरीची तक्रार आहे, हे त्यांना तोपर्यंत माहीतच नव्हते. ते मला फोनवर म्हणाले, "अम्मा, पूजा छान झाली का?"

मी हो म्हटले. मग फोन मारिसोल यांच्या हातात दिला आणि पुढचे बोलणे त्यांनी केले.

चालकाचा आणखी एक निरोप होता. माल घेणाऱ्याने विचारले की पुढच्या वेळीही मुळासकट मिळेल का, कारण तशी भाजी दोन दिवस जास्त टिकते. हे ऐकल्यावर मिस्टर गोह यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "इतका हुशार, तर मला आधी सांगायचं ना लाह." मारिसोल म्हणाल्या, "तुम्ही शेतात दहा पावलं आत गेला असता तर दिसलंच असतं." मला वाटले पुन्हा भांडण होते. पण मिस्टर गोह म्हणाले, "ही बाई माझ्या बायकोसारखी बोलते," आणि त्यांनी एक पेढा घेतला.

९.३५ वाजता त्यांनी आमच्या सर्वांसमोर एजंटला फोन केला आणि सेल्वम यांचा अर्ज आजच भरायला सांगितला, दोन वर्षांसाठी. एजंट म्हणाला की सकाळी थांबवा म्हणालात. मिस्टर गोह म्हणाले, "सकाळी मी उपाशी होतो." ११.२० वाजता अर्ज दाखल झाल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर आला. मारिसोल यांनी तो स्वतः वाचून पाहिला, परमिटचा नंबर जुळवला आणि त्यानंतरच त्या ऑफिसला गेल्या.

मिस्टर गोह यांनी तक्रार मागे घेतली आहे. अवजारे आता घेऊन जायची का, असे त्यांना विचारले असता ते म्हणाले की आज लागत नाहीत, उद्या सहाला चालतील. जाताना त्यांनी मला विचारले की लॉरीलाही हे लाल-पिवळे करता येते का, म्हणजे रविवारी. मी सांगितले की वाहनाची पूजा दसऱ्याला, म्हणजे उद्या, रविवारी नाही. ते म्हणाले, "ओके, ओके. दिवस तुम्ही सांगा." लॉरी धुऊन ठेवायला मी त्यांना बजावले आहे.

माझी मुलगी ११.५० वाजता विमानतळावरून फोनवर म्हणाली, "आई, मी पाच दिवस नव्हते, फक्त पाच दिवस." तिला घरी गेल्यावर सविस्तर सांगेन.

तक्रार मागे घेतल्यावर इन्स्पेक्टर बाई मला म्हणाल्या होत्या, "आँटी, केस संपली. जबाबाची गरज नाही. घरी जा, जेवा." मी गेले नाही. सकाळी ७.२० वाजता या इमारतीत एका माणसाचे नाव चोर म्हणून सांगितले गेले आणि ते कागदावर उतरले. तक्रार मागे घेतल्याने तो कागद फाटत नाही. भांडारात एखादी चुकीची नोंद झाली तर आम्ही पान फाडत नसू. खाली बरोबर नोंद करून तिच्यावर सही करत असू. म्हणून दुभाषी मिळेपर्यंत मी बाकावर अवजारांशेजारी बसून राहिले. बाईंनी शेवटी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "सुरू करा."

वरील मजकूर मुकुल टिळेकर यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी जे सांगितले तेच यात आहे. एक दुरुस्ती मी करायला लावली, ती अशी : शेवटच्या ओळीत इन्स्पेक्टर बाईंनी, सेल्वम करुप्पय्या यांनी काहीही केलेले नाही, असे लिहिले होते. ते चूक आहे. ती ओळ खोडून तेथे असे लिहावे की, सेल्वम करुप्पय्या यांनी आज सकाळी एकाही अवजाराशिवाय तीनशे जुड्या वेळेत पोहोचवल्या.

दुरुस्ती केली. दोघींनी तिच्यापुढे सही केली.

सही : सुचित्रा दिगंबर नलावडे
समक्ष : इन्स्पेक्टर फौजिया
वाचून दाखवणार : मुकुल टिळेकर
वेळ दुपारी २.१५